घोणस, तांबडी रक्तपेशी आणि मूत्रपिंड

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे एका वैद्यकीय अधिकाऱ्याने केलेले भाषण)



 सापाकडे वळण्यापूर्वी मी आपला थोडा वेळ मागून घेणार आहे. हा वेळ मला रक्तातील एका अतिसूक्ष्म पेशीसाठी आणि कमरेच्या वर पाठीच्या बाजूस असलेल्या दोन मूत्रपिंडांसाठी हवा आहे. आपल्या भागातील घोणस या सापाच्या दंशाने माणूस का दगावतो, आणि वाचला तरी पुढे खंगत का जातो, याचे उत्तर या दोघांच्या परस्परसंबंधांत दडलेले आहे. ते एकदा ध्यानात आले, की गावात काय करावे आणि काय टाळावे हे वेगळे पाठ करावे लागणार नाही.

दोन शेजाऱ्यांचा करार

आपल्या रक्ताच्या एका घन मिलिमीटर थेंबात सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात. पेशी मध्यभागी दोन्ही बाजूंनी दबलेली, चकतीसारखी असते. तिच्यात केंद्रक नसते, त्यामुळे स्वतःची मोडतोड दुरुस्त करण्याची तिची शक्ती फार थोडी. तिच्या पोटात हिमोग्लोबिन हे लोहयुक्त प्रथिन ठासून भरलेले असते. फुप्फुसातून प्राणवायू उचलावा आणि अंगभर पोचवावा, एवढेच तिचे काम. हे काम ती सुमारे १२० दिवस करते आणि मग मोडीत निघते. म्हणून आपली अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतील मगज, दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या पेशी तयार करीत असते.

या कारखान्याला किती माल काढावयाचा याचा हुकूम कोण देते? तो हुकूम मूत्रपिंडातून सुटतो. रक्तातील प्राणवायू कमी झाला, की मूत्रपिंडातील काही पेशींना ते तत्काळ कळते आणि त्या ‘एरिथ्रोपोएटिन’ नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. हे संप्रेरक अस्थिमज्जेपर्यंत पोचले, की तांबड्या पेशींची पैदास वाढते. लडाखसारख्या उंच प्रदेशात काही आठवडे राहिलेल्या जवानाच्या रक्तात या पेशी वाढलेल्या आढळतात, त्या याच कारणाने. पेशींना प्राणवायूची उणीव कशी समजते, याचा उलगडा करणाऱ्या कॅलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मूत्रपिंडाचे दुसरे काम आपणांस ठाऊकच आहे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या आहेत. मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त त्यांतून फिरते. म्हणजे अंगात जेवढे रक्त आहे तेवढे पाच-सहा मिनिटांत मूत्रपिंडांतून जाते. या गाळण्यांना आणि त्यांच्या पुढील बारीक नलिकांना अहोरात्र प्राणवायू लागतो, आणि तो आणून देते ती तांबडी पेशीच. असा हा दोन शेजाऱ्यांचा करार आहे. पेशीने मूत्रपिंडाला प्राणवायू द्यावा, मूत्रपिंडाने पेशींच्या नव्या पिढीची तजवीज करावी. घोणशीचे विष हा करार काही तासांत मोडते.

आपल्या शिवारातील घोणस

महाराष्ट्रात माणसाला धोकादायक ठरणारे चार प्रमुख विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. अठराव्या शतकात हिंदुस्थानात आलेले शल्यवैद्य व निसर्गअभ्यासक पॅट्रिक रसेल यांनी भारतीय सर्पांवर १७९६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचेच नाव घोणशीला शास्त्रीय परिभाषेत मिळाले आहे. जाड शरीर, त्रिकोणी डोके, पाठीवर साखळीसारख्या गडद लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा आणि कुकरच्या शिट्टीसारखा दीर्घ फूत्कार, ही तिची ओळख. अजगराचे पिल्लू समजून तिला हात लावणारे थोडे नाहीत.

कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांत धरणांचे पाणी आले, ऊस उभा राहिला, टोमॅटो, बटाटा आणि कांदा पिकू लागला. ही आपल्या कष्टांची कमाई आहे. परंतु जेथे धान्य तेथे उंदीर आणि जेथे उंदीर तेथे घोणस, हा निसर्गाचा हिशेब आहे. उसाचा फड, पाचटाचा ढीग, कडब्याची गंज, कांद्याची बराख, बांधावरचे गवत या तिच्या जागा. शेतीपंपाला रात्रीची पाळी असली म्हणजे शेतकऱ्याला अंधारात दारे धरावी लागतात. बिबट्याच्या भीतीने त्याचे लक्ष उसाच्या कडेवर असते, आणि पाय पडतो तो घोणशीवर. पश्चिमेकडे भाताच्या खाचरांत आणि रानात वावरणाऱ्या आदिवासी बांधवांच्या वाट्याला तर सापाबरोबर दवाखान्याचे लांब अंतरही येते.

विष काय करते?

घोणशीचे विष हे एकच द्रव्य नाही. अनेक प्रथिनांचे ते मिश्रण आहे. त्यांतील काही विकरे आपल्या विषयाशी थेट निगडित आहेत.

पहिले विकर फॉस्फोलिपेझ ए-२. तांबड्या पेशीचे आवरण स्निग्ध द्रव्यांच्या दुहेरी थराचे असते. त्यांतील लेसिथिन या द्रव्याचा एक तुकडा हे विकर कापून काढते. उरलेले लायसोलेसिथिन साबणासारखे वागते. साबणाने तेलाचा थर फुटावा तसे पेशीचे आवरण फुटू लागते आणि आतील हिमोग्लोबिन रक्तद्रवात मोकळे होते.

दुसऱ्या गटातील विकरे रक्त साखळण्याच्या क्रियेवर घाला घालतात. जखम झाली की रक्त गोठावे, म्हणून रक्तात अनेक घटक साखळीने काम करतात. घोणशीच्या विषातील एक विकर या साखळीतील दहावा घटक आणि दुसरे विकर पाचवा घटक एकाएकी जागा करते. जखम नसतानाही अंगभर बारीक गुठळ्या होऊ लागतात आणि गोठण्याचे साहित्य वाया जाऊन संपते. मग हिरड्यांतून, लघवीतून, दंशाच्या जागेतून वाहणारे रक्त थांबत नाही. विषाचा हा गुण इतका नेमका आहे, की १९३४ साली मॅकफार्लेन आणि बार्नेट यांनी याच विषाचा अत्यंत सौम्य द्राव रक्तस्राव थांबविण्यासाठी उपयोगात आणण्याविषयी लिहिले होते.

आता या दोन्ही गोष्टी मूत्रपिंडात एकत्र येतात. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्यांचे धागे जाळ्यासारखे आडवे पसरतात. त्यांतून दाबाने पुढे ढकलल्या जाणाऱ्या तांबड्या पेशी तारेने कापल्यासारख्या चिरल्या जातात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे शिरस्त्राणासारखे तुकडे दिसतात. मोकळे झालेले हिमोग्लोबिन प्रथम हॅप्टोग्लोबिन नावाचे प्रथिन पकडून ठेवते. हे प्रथिन संपले, की हिमोग्लोबिन गाळणीतून पलीकडे उतरते, नलिकांत साचून बोळा होऊन बसते आणि त्यातील लोह नलिकांच्या पेशींना जाळते. शिवाय ते रक्तवाहिन्या सैल ठेवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडला गिळून टाकते, त्यामुळे वाहिन्या आवळतात. विषाने रक्तदाब आधीच खाली आलेला असतो. काही विषद्रव्ये नलिकांवर सरळही घाव घालतात. एवढे आघात एकदम झाल्यावर मूत्रपिंड बंद पडले तर नवल कसले? लघवी आधी चहासारखी काळसर होते, मग कमी होते, मग थांबते. आणि या सगळ्यात मूत्रपिंड दुखत नाही. वेदना पायाला असते, लक्ष पायाकडे असते.

माझी एक चूक

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी पाचट आवरताना घोणस चावलेला एक शेतकरी माझ्या उपचाराखाली होता. त्याला वेळेवर प्रतिविष मिळाले, रक्त पुन्हा साखळू लागले, पायाची सूज उतरू लागली. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, ‘डॉक्टर, गाईंची धार काढायला कोणी नाही, मला जाऊ द्या.’ मी पाय पाहिला आणि त्याला जाऊ दिले. लघवी किती होते हे मी विचारले नाही. घरच्यांना ती मोजावयास सांगितले नाही.

सहाव्या दिवशी त्याला पुन्हा आणले तेव्हा चेहरा सुजलेला, उलट्या सुरू आणि श्वास लागलेला होता. लघवी जवळजवळ बंद होती. कित्येक आठवडे त्याला कृत्रिम मूत्रपिंडाच्या यंत्रावर, म्हणजे डायलिसिसवर, ठेवावे लागले. तो वाचला. पण वर्षभराने तो भेटला तो फिकट, चार पावले चालून दमणारा. त्याचे हिमोग्लोबिन ८ ग्रॅमवर आले होते आणि कोणी दिलेल्या लोहाच्या गोळ्या तो मुकाट्याने खात होता. गोळ्यांनी गुण येत नव्हता, कारण मुख्य उणीव लोहाची नव्हती. अस्थिमज्जेला हुकूम देणारी मूत्रपिंडेच पुरती सावरली नव्हती. अशा आजारात एरिथ्रोपोएटिन कमी पडते, अंगातील लोह साठ्यात अडकून राहते आणि असलेल्या पेशींचे आयुष्यही घटते. हे संप्रेरक आता औषध म्हणून टोचता येते. परंतु ज्याला आपला आजार मूत्रपिंडाचा आहे हेच ठाऊक नाही, तो ते मागणार कोठून?

पहिल्या दिवशी त्याला सापापासून वाचविले, आणि तिसऱ्या दिवशी एक प्रश्न विचारावयाचा राहिला. तो प्रश्न आपणांपैकी प्रत्येकाच्या तोंडी असावा म्हणून मी हे सांगितले.

काचेची नळी आणि प्रतिविष

घोणशीचे विष रक्तात भिनले किंवा नाही, हे ओळखण्यास मोठी प्रयोगशाळा लागत नाही. नव्या, स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचे सुमारे २ मिलिलिटर रक्त घ्यावे, २० मिनिटे न हलविता ठेवावे आणि मग नळी तिरकी करावी. रक्त पाण्यासारखे वाहिले, तर गोठण्याचे साहित्य संपले आहे असे समजावे. नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने रक्त गोठण्यास चालना मिळते. साबणाने धुतलेली किंवा प्लॅस्टिकची नळी फसविते. पहिल्या वेळी रक्त गोठले म्हणून रुग्णाला घरी पाठवावयाचे नसते. चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते आणि किमान २४ तास नजर ठेवावी लागते.

विषावर खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे प्रतिविष. कालमेट या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९५ च्या सुमारास त्याचा पाया घातला. आपल्या राज्यात मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी जोडलेले आहे. घोड्याला विषाची अल्प मात्रा वाढत्या क्रमाने टोचतात आणि त्याच्या रक्तात जी प्रतिद्रव्ये तयार होतात त्यांपासून हे औषध सिद्ध होते. भारतातील प्रतिविष वर सांगितलेल्या चारही सापांवर चालते. म्हणून साप मारून, पकडून दवाखान्यात आणण्याची मुळीच गरज नाही. मात्रा प्रौढाला जेवढी तेवढीच बालकालाही देतात, कारण साप मुलाचे वय पाहून विष कमी सोडीत नाही. या औषधाने काहींना तीव्र प्रतिक्रिया येते, तेव्हा ते दवाखान्यातच, तयारीनिशी द्यावयाचे असते.

मात्र एक मर्यादा नीट समजून घ्या. प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषाला बांधते. फुटलेली पेशी ते सांधीत नाही, आणि बंद पडलेली नलिका उघडीत नाही. म्हणून वाया गेलेला प्रत्येक तास मूत्रपिंडाच्या खात्यातून वजा होतो. भगताच्या दारात काढलेली रात्र अशी हिशेबात येते.

आपले काम

आता ही माहिती कामास लावू या. पंचायत सदस्यांना माझी विनंती अशी, की सर्वांत जवळ प्रतिविष कोठे आहे, रात्री तेथे कोण असते आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका न आली तर गावातील कोणाचे वाहन निघेल, हे पावसाळ्यापूर्वी ठरवून फलकावर लिहावे. ग्रामसभेत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलावून साठ्याविषयी विचारणा करावी. बराखी आणि गंजी घरापासून अंतरावर असाव्यात, रात्री दारे धरणाऱ्याच्या पायात गमबूट, हातात काठी व विजेरी असावी. ऊसतोडणीसाठी बाहेरून आलेली कुटुंबे उघड्यावर, जमिनीवर झोपतात. त्यांच्या तळावर ही माहिती पोचविणे हे गावाचेच कर्तव्य आहे.

शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना एवढे शिकवावे. दंश झाल्यास रुग्णाला धीर द्यावा, पळवू नये. अंगठी, कडे, पैंजण लगेच काढावे. हातपाय मोडल्यावर फळी लावतात तसा अवयव स्थिर ठेवावा आणि दवाखाना गाठावा. करकचून आवळपट्टी बांधू नये, चिरा देऊ नये, तोंडाने विष ओढू नये. आधीच कोणी आवळून बांधले असेल, तर वाटेत ते एकाएकी सोडू नये. ते काम डॉक्टरांवर सोपवावे. दुखते म्हणून ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या देऊ नयेत; त्या रक्तस्राव वाढवितात आणि मूत्रपिंडालाही अपाय करतात. दंशाची वेळ कागदावर लिहून रुग्णाबरोबर द्यावी.

आणि आशा कार्यकर्त्या व आरोग्यसेवक यांनी माझी चूक पुन्हा होऊ देऊ नये. सर्पदंशाचा रुग्ण घरी आला, की त्याची लघवी एका खुणेच्या भांड्यात मोजण्यास सांगावे. दिवसभरात ती ४०० मिलिलिटरहून कमी झाली किंवा काळसर, लाल दिसली, तर त्याच क्षणी परत पाठवावे. वाट पाहण्याची ही बाब नव्हे. पुढे तीन महिन्यांनी आणि वर्षाने रक्तदाब, क्रिएटिनीन, लघवीतील प्रथिने व हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. फिकटपणा गोळ्यांनी हटत नसेल, तर ‘कधी साप चावला होता काय?’ असेही विचारून पाहावे.

हे काम आपण एकटेच करीत आहोत असे नाही. आपल्याच नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत या दांपत्याने सर्पदंशावरील उपचाराबरोबर लोकशिक्षणाचेही व्रत अनेक वर्षे चालविले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत अग्रक्रम दिला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज निघाला. त्यांपैकी निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतील होते. मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्पदंशाची नोंद बंधनकारक करण्यास राज्यांना कळविले. अधिकारी मित्रांना मी एवढेच सुचवीन, की नोंद करताना मृत्यू लिहा तसेच कोणाला डायलिसिस लागले आणि कोण वर्षभराने फिकट पडला, तेही लिहा. वाचून खंगलेला माणूस आज कोणत्याच वहीत सापडत नाही.

बंधुभगिनींनो, घोणस आपल्या शिवारातून जाणार नाही. उंदीर खाऊन ती शेतकऱ्यावर उपकारही करते. तिच्याशी वैर धरण्याचे कारण नाही. तिच्या विषाचे काम कसे चालते ते ओळखून आपण दोन पावले पुढे राहावे. पहिले पाऊल दवाखान्याकडे, ताबडतोब. दुसरे पाऊल घरी परतल्यावर, एका साध्या प्रश्नाचे: ‘लघवी नीट होते ना?’ हा प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही. मी पदवी असून तो एकदा विसरलो होतो. आपण विसरू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.